आक्काच्या जेवणाचा पंप

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज पुन्हा भरलं की आमच्या विभागात प्रोजेक्टचे दिवस सुरू होतात, आणि नेमकी त्याच सुमाराला नाशकात थंडी उतरते. सकाळी गंगापूर रोडने स्कूटरवरून जाताना बोटं आखडतात. प्रयोगशाळेची फरशी चपलेतूनही गार लागते. सोल्डरिंगचा धूर एरवी लगेच विरतो, पण या दिवसांत तो बाकांवर रेंगाळत राहतो. मी डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. मुलं दर वर्षी बदलतात, प्रोजेक्ट मात्र फिरून फिरून तेच येतात.

या आठवड्यात रेणुका नावाची एक विद्यार्थिनी आली. मातीशिवाय भाजी वाढवायची, पाण्यात खत आपोआप मोजून पडायला हवं, असं तिचं काम. ‘‘मॅडम, थोडंथोडं आणि मोजून सोडायचंय. कुठला पंप घेऊ?’’ मी कपाटातून पेरिस्टाल्टिक पंप काढून तिच्या हातावर ठेवला. लिंबाएवढा असतो तो. आत सिलिकॉनची मऊ नळी अर्धगोल वळवून बसवलेली असते आणि तीन छोटे रूळ गोल फिरत तिला दाबत जातात. टूथपेस्टच्या ट्यूबवरून बोट फिरवावं तसं. दोन रुळांमध्ये सापडलेलं पाणी पुढे सरकतं. मोटार किती वेळ फिरवायची हे काडेपेटीएवढ्या मायक्रोकंट्रोलरला सांगून ठेवलं की तेवढंच पडतं, आणि मोटार थांबली तरी एक रूळ नळी चिमटून धरतो, त्यामुळे पुढे गेलेलं मागे येत नाही.

‘‘आपली अन्ननलिकाही हेच करते,’’ मी तिला म्हणाले. ‘‘घास दाबत दाबत खाली नेते.’’

‘‘तुम्ही वापरलाय का मॅडम कधी? म्हणजे खरोखरच्या कामाला?’’

‘‘एका हिवाळ्यात,’’ मी म्हणाले, आणि तिला वेगाचं गणित समजावायला घेतलं.

तो हिवाळा आक्काचा होता.

आक्का माझी मोठी बहीण. मधे दोन भावंडं झाली आणि गेली, त्यामुळे आम्हा दोघींच्या वयात जवळजवळ एका पिढीचं अंतर. आई मी लहान असतानाच गेली. नांदगावला वडील कापडाच्या दुकानात नोकरी करत, आणि मला आक्कानेच वाढवलं. तिचं लग्न होऊन ती देवळ्याजवळच्या खेड्यात गेली तेव्हा मी चौथीत होते. पाठवणीत मी रडले नाही म्हणून बायकांना कौतुक वाटलं. मला वाटलं होतं, ती जेवायच्या वेळेपर्यंत येईल. संध्याकाळी वडिलांनी दोन ताटं घेतली. आम्ही समोरासमोर बसलो आणि एक शब्द न बोलता जेवलो. पुढे मी इंजिनिअर होऊन नाशिकला नोकरीला लागेपर्यंत आमची जेवणं अशीच झाली. लग्न मी केलं नाही. त्याला काही मोठं कारण नव्हतं, होता होता राहून गेलं.

आक्काच्या गळ्यात गाठ निघाली. मिश्री तिने अगदी तरुणपणापासून लावली होती. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन नको, किरणांनी जाईल, पण सोमवार ते शुक्रवार रोज यावं लागेल. देवळ्याहून रोज येणं शक्य नव्हतं, आणि दाजींना, म्हणजे तिच्या यजमानांना, उन्हाळ कांद्याची लावणी सोडून नाशकात बसता येत नव्हतं. मी म्हटलं, माझ्याकडे ठेवा. त्यांनी तिची पिशवी आणि एक घोंगडी माझ्या दारात आणून ठेवली. ‘‘तुझ्यावर टाकून चाललो बघ,’’ म्हणाले आणि चहासुद्धा न घेता एसटी गाठायला पळाले. त्यांना डोळे लपवायचे होते.

पहिले काही दिवस ती जेवत होती. मग पातळ जेवू लागली. मग तोंड सोलवटलं, गळा आतून भाजल्यासारखा झाला, आणि पाण्याचा घोटही चुकीच्या वाटेने जाऊ लागला. डॉक्टरांनी नाकातून पोटापर्यंत नळी घातली. दवाखान्यातल्या सिस्टरने मला मोठी सिरिंज दिली आणि शिकवलं. आधी नळी जागेवर आहे का तपासायचं, आक्काला उशांना टेकवून बसवायचं, गाळलेलं अन्न सिरिंजमध्ये घ्यायचं, हळूहळू सोडायचं.

हळूहळू हा शब्द ऐकायला सोपा. मी दुपारी दोन तासिकांच्या मधे स्कूटर पळवत घरी यायची, मिक्सर लावायची, मलमलच्या फडक्यातून गाळायची, सिरिंज भरायची. समोर भिंतीवर घड्याळ. अंगठा आपोआप जोर करायचा. आक्काला मळमळायचं, ठसका लागायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. मी थांबायची, पुन्हा सुरू करायची. ती खिडकीतून पलीकडच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाक्यांकडे बघत राहायची.

ही आक्का. जिच्या घरी लावणीच्या दिवसांत मजुरांच्या पंगती उठायच्या, जी परातीत भाकरी थापता थापता तिन्हीकडे हुकूम सोडायची, जिला कोणी न जेवता दारातून गेलेलं खपायचं नाही.

एका दुपारी तिने माझं मनगट धरलं. ‘‘बस झालं.’’

‘‘थोडंच राहिलंय आक्का.’’

‘‘हे नाय म्हणत मी. सगळंच बस झालं.’’ आवाज घोगरा झाला होता, एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. ‘‘तू पळत येतीस, माझ्या नाकात ओततीस, आन पळत जातीस. गाडीत पेट्रोल भरल्यावानी. मला ही नळी नको. मला घरी धाड.’’

‘‘अगं, ट्रीटमेंट अर्धी झालीये.’’

‘‘होऊ दे अर्धी.’’

त्या आठवड्यात तिचं वजन पुन्हा उतरलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की असंच चाललं तर किरण मधेच थांबवावे लागतील, आणि मधे थांबवलं तर गाठ थांबणार नाही. दाजींना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘ती पहिल्यापासून तुझंच ऐकत आली. तूच बघ.’’ खरं तर लहानपणापासून मी तिचं ऐकत आले होते. आता कोणीच कोणाचं ऐकत नव्हतं, आणि घरात आम्ही दोघीच होतो.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मुलांचे प्रोजेक्ट तपासत होते. एका गटाने झाडांना खत देणारं यंत्र केलं होतं. चिमुकला पंप ‘टुर्र’ करून थोडं फिरायचा, थांबायचा, पुन्हा फिरायचा, आणि नळीच्या टोकाशी थेंब जमून पडायचा. त्याला कसली घाई नव्हती. मी इतका वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिले की मुलांना वाटलं काहीतरी चुकलंय.

दवाखान्यात सिस्टरना विचारलं. त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. ‘‘घरी बनवलेलं? वेग अगदी कमी ठेवा. नळी नवी, स्वच्छ. आणि ते चालू असताना तुम्ही उठून जायचं नाही. समोर बसून राहणार असाल तरच.’’

‘‘बसेन,’’ मी म्हटलं.

विभागप्रमुखांना सांगून दुपारचे तास सकाळकडे ओढून घेतले. इतकी वर्षं नोकरी करून मी स्वतःसाठी असं काही मागितलं नव्हतं, त्यामुळे ते गोंधळूनच हो म्हणाले. मग बाजारातून नवा पंप आणला, अन्नाला चालणारी सिलिकॉनची नळी आणली, आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मांडामांड केली. आधी साधं पाणी मोजपात्रात सोडून बघितलं. मग दूध. मग मुगाचं पाणी. पातळ चटकन जायचं, दाट मागे रेंगाळायचं. नाचणीची पेज तर रुळांखाली अडूनच बसली. ती दोनदा गाळून, पाणी वाढवून, पुन्हा मोजावी लागली. सलग फिरवण्यापेक्षा थोडं फिरून थोडं थांबायचं असं मी त्याला शिकवलं. माणूस घास घेतो, चावतो, मधे काहीतरी बोलतो, मग पुढचा घास घेतो. तेवढी उसंत.

सुरू करायला बटण हवं होतं. आमच्याकडची बटणं बारीक, आक्काची बोटं शेतकामाने जाड झालेली. शेवटी दाराच्या घंटीचं मोठं पांढरं बटण आणून बसवलं. थांबवायला लाल.

आक्का घोंगडी पांघरून बसली होती. तिने मान तिरकी केली. ‘‘हाई काय शे?’’ तिकडची बोली ती दमली की जास्त बाहेर यायची.

‘‘पंप आहे.’’

‘‘विहिरीवर ऱ्हातो तसा?’’

‘‘तसाच. फक्त लहान.’’

‘‘आन विहीर मी व्हय?’’

बऱ्याच दिवसांनी तिचे खांदे हलले. हसताना दुखायचं म्हणून तिने तोंडावर पदर दाबून धरला होता.

मी नळी जोडली, तपासली, वाटी शेजारी ठेवली. ‘‘हे पांढरं दाबलंस की सुरू. लाल दाबलंस की बंद. मी हात लावणार नाही.’’

‘‘मी दाबू?’’

‘‘तूच.’’

तिने पांढऱ्या बटणावर बोट ठेवलं, पण लगेच दाबलं नाही. आधी वाटीत वाकून बघितलं. ‘‘काय घातलंस?’’

‘‘मूग, भात, गाजर.’’

‘‘जिरं?’’

‘‘आक्का, तोंडाने थोडंच जाणारे? चव कुठे कळणार आहे तुला?’’

‘‘ढेकर येतो तव्हा कळतं,’’ ती म्हणाली. ‘‘तू रोज अळणी घालतीस.’’

मी परत गेले, तुपात जिरं परतलं, मुगात मिसळून पुन्हा सगळं गाळून आणलं. मग तिने बटण दाबलं. पंप टुर्र करून फिरला, थांबला, फिरला. नळीतून पिवळं पाणी सरकत वर चढलं आणि तिच्या नाकाशी दिसेनासं झालं. आम्ही दोघी वाटीकडे बघत होतो. ठसका आला नाही. तिने हात मांडीवर सोडले आणि डोळे मिटले.

त्या दिवसापासून तिने घरी जायचं नाव काढलं नाही. दोनच दिवसांत तक्रार मात्र सुरू झाली, की वेग कमीजास्त करायचं आपल्या हातात पाहिजे. मी फिरवायचं एक बटण लावून दिलं, पण आत प्रोग्रॅममध्ये मर्यादा घातली. तिने ते इकडून तिकडे फिरवून बघितलं. ‘‘मी कितीबी पिळते तरी हे आपल्याच मनानं चालतं. तुझ्यावर गेलंय.’’ पण मग तिने त्याच्याशी जमवून घेतलं. सकाळी जरा जलद, दुपारी सावकाश.

आता मला समोर बसून राहायचं होतं, आणि हातांना काही काम नव्हतं. सिरिंज असताना मी तिच्या नाकाकडे, माझ्या अंगठ्याकडे, घड्याळाकडे बघत असे. आता तिच्याकडे बघू लागले. तिच्या कानामागे एक जुना व्रण होता, तो मला ठाऊकच नव्हता. केस विरळ झाले होते. गळ्यावरची कातडी किरणांनी काळवंडली होती. आमच्यात बोलायला फारसं काही नाही, हेही तेव्हाच लक्षात आलं. तिचं आयुष्य कांदा, सुना, भाऊबंद, पाऊसपाणी. माझं कॉलेज आणि हे घर. फोनवर आम्ही वर्षानुवर्षं ‘बरी आहेस ना’ एवढ्यावर भागवलं होतं.

एकदा पंप चालू असताना तिने विचारलं, ‘‘तू कव्हा जेवतीस गं?’’

‘‘तुझं झालं की.’’

‘‘कुठं? मला तर दिसत नाय कव्हा.’’

‘‘ओट्यापाशी.’’

‘‘उभ्यानं?’’

मी म्हटलं, ‘‘तुला वास येईल. तुला खाता येत नाही आणि तुझ्यासमोर मी...’’

तिने लाल बटण दाबलं. पंप थांबला. ‘‘जा, ताट घेऊन ये.’’

‘‘आक्का...’’

‘‘वास येऊ दे. निदान वास तरी येऊ दे मला. जा.’’

मी ताट वाढून आणलं. वांग्याची भाजी होती आणि पोळी. तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. तिने माझ्या ताटात नजर फिरवली, भाजीवरचं तेल बघून नाक मुरडलं, आणि मग पांढरं बटण दाबलं. मी घास तोडला. ती बघत होती म्हणून मी चावलं आणि गिळलं. तीही थोडं फिरून थोडं थांबणाऱ्या त्या यंत्राच्या चालीने जेवत होती. वांग्यात गूळ जास्त झालाय, असं ती वासावरून म्हणाली. खरंच झाला होता.

मग आम्ही रोज असंच जेवलो. गॅलरीत उन्हाचा एक पट्टा यायचा, त्यात खुर्च्या ओढायचो. रस्त्यावरून द्राक्षांची गाडी जायची, ओरडणारा लांब जाईपर्यंत ऐकू यायचा. ती नांदगावच्या गोष्टी काढायची. आईला कुठली भाजी आवडायची, आई रागावली की कशी गप्प व्हायची, हे सगळं मला पहिल्यांदाच कळत होतं, कारण आई माझ्या आठवणीत नव्हतीच. आक्काच्या बोलण्यातून ती थोडी थोडी तयार होत होती. बोलून दमली की आक्का गप्प बसायची आणि पंपाचा आवाज तेवढा चालू राहायचा. तो आवाज चालू आहे तोवर ती इथे आहे, असं मला वाटू लागलं होतं. तिच्याकडे न बघताही.

एकदा तिला अचानक उबळ आली. मी ताट बाजूला सारून उठेपर्यंत तिनेच लाल बटण दाबलं होतं. पुढे वाकून, मांड्यांवर हात रोवून, ती खोकत राहिली. मी पाठीवर हात ठेवला तर तिने मानेनेच नको म्हटलं. मग ताठ बसली, श्वास सारखा केला, डोळे पुसले आणि पुन्हा पांढऱ्या बटणाकडे हात नेला. मला वाटलं होतं तिला माझी गरज लागेल.

वजन उतरायचं थांबलं. किरण पूर्ण झाले. पुढचे काही आठवडे गळ्याचे व्यायाम, कोमट पाण्याच्या गुळण्या, आणि मग एका सकाळी डॉक्टरांनी तिला चमच्याने घोट देऊन बघितला. तो खाली गेला. घरी आल्यावर तिने मला तुपाचं बोट लावलेली भाताची पेज करायला सांगितली. चमचा स्वतःच धरला. पेज तोंडात ठेवून ती कितीतरी वेळ तशीच बसली होती, अनोळखी दारापाशी थांबल्यासारखी. मग गळा हलला.

‘‘कशी लागली?’’

‘‘मातीवानी,’’ ती म्हणाली. चव परतायला अजून वेळ होता. मग दुसरा चमचा भरला. ‘‘पर गेली.’’

नळी निघाली. मी पंप सोडवला, आतली नळी फेकून दिली, मोटार आणि बोर्ड कॉलेजच्या कपाटात नेऊन ठेवले. आता ती सावकाश, पातळ का होईना, तोंडाने जेवत होती. माझे तास पुन्हा दुपारच्या जुन्या वेळेला गेले.

दाजी शेजाऱ्याची पिकअप घेऊन न्यायला आले तेव्हा ऊन चढू लागलं होतं. मी म्हटलं, ‘‘राहा की अजून थोडे दिवस.’’

‘‘कांदा काढायला आला,’’ आक्का म्हणाली. ‘‘मजूर लागतील. त्यांचं जेवण कोण बघल? सुना हातचं राखून वाढत्या.’’ घोंगडीची घडी घालता घालता ती थांबली. ‘‘तू ये सुट्टीत.’’

‘‘येईन.’’

तिने माझ्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. पिकअप वळणाआड गेली. वर आले तर गॅलरीत दोन खुर्च्या समोरासमोर तशाच होत्या. त्या उचलायला मी बरेच दिवस लावले.

आमचं फोनवर बोलणं सुरुवातीला रोज व्हायचं. मग दिवसाआड. मग तिच्या मागे काम असायचं, मागून कोणी तरी हाका मारत असायचं, आणि ती म्हणायची, ‘‘करते गं नंतर.’’ त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. बरं झालेलं माणूस आपल्या घरी परत जातं, ते जायलाच हवं. मी तिला बरं केलं ते याचसाठी. हे सगळं मला कळतं, आणि कळून काही होत नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या धाकट्या मुलाचं लग्न झालं. मी नाशिकहून आदल्या दिवशीच गेले. मांडवात माणसांचा समुद्र. आक्का नव्या लुगड्यात, आवाज अजून घोगराच, पण सगळीकडे तोच ऐकू येत होता. माझ्याशी ती उभ्या उभ्या दोन शब्द बोलली, हातात चहाचा कप दिला, आणि तिला कोणी तरी ओढून नेलं.

दुपारी पंगती बसल्या. बायकांच्या एका ओळीत ती बसलेली दिसली. मी थोड्या अंतरावर थांबले. ती भात कालवत होती, शेजारणीच्या कानाशी लागून काही सांगत होती, हसत होती. घास तोंडात गेला. एक घोट पाणी, आणि गळा हलला. पुढचा घास. आपण गिळतोय याचं तिला भानही नव्हतं. चावणं, गिळणं, बोलणं, सगळं एकात एक मिसळून चाललं होतं. मी ते बघत राहिले. इतकं सुंदर काही मी फार दिवसांत बघितलं नव्हतं, आणि त्यात माझं काहीच काम उरलं नव्हतं.

तिची नजर माझ्यावर गेली. ‘‘उभी काय ऱ्हाती? बस की!’’ ती ओरडली. पण तिच्या दोन्ही बाजू भरलेल्या होत्या. दाटून बसलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या, कोण सरकणार म्हणून. मी हाताने ‘असू दे’ केलं आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथे दोन अनोळखी बायकांच्या मधे एक पत्रावळ रिकामी होती. मी बसले. वाढणारा पुढे आला, भाताचा हात वर धरून त्याने विचारलं, ‘‘मावशी, कुणीकडच्या तुम्ही?’’

‘‘नवरदेवाकडची,’’ मी म्हणाले. त्याने भात वाढला.